बारशापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंत: घरगुती समारंभांचे फोटो काढायला सुरुवात करताना

लग्नाचे फोटो कसे काढावेत हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. डोहाळजेवण, बारसं, बोरन्हाण, मुंज, साठीशांत यांबद्दल मात्र कुणी फारसं सांगत नाही. आणि बहुतेकांची सुरुवात तर इथूनच होते. "नवीन कॅमेरा घेतलायस ना? मग बाळाच्या बारशाचे फोटो तूच काढ," असं कुणी मावशी म्हणते आणि माणूस अडकतो. दोन खोल्यांत चाळीस माणसं, डोक्यावर ट्यूबलाइट, मागे फ्रीज, आणि जो क्षण टिपायचा तो पुन्हा होणार नाही.

मी पुण्यात आणि आसपासच्या गावांत हेच काम करतो. नव्याने येणाऱ्या मुलामुलींना पहिली गोष्ट सांगतो ती कॅमेऱ्याची नसते. विधीचा क्रम आणि घरातली नाती आधी पाठ करा. पुढच्या मिनिटाला कोण कुठे उभं राहणार, कुणाचा हात पुढे येणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याचं जुन्या कॅमेऱ्यावरही भागतं. ज्याला ठाऊक नाही तो महागड्या लेन्सने पाहुण्यांच्या पाठी टिपत बसतो.

१. आठवडाभर आधी एक फोन

बोलणं पैसे देणाऱ्याशी होतं, पण माहिती त्याच्याकडे नसते. प्रत्येक घरात एक काकू, आत्या किंवा मोठी जाऊ असते जिच्या डोक्यात सगळा कार्यक्रम असतो. तिचा नंबर मागा आणि हे विचारा:

- गुरुजी आहेत का? मुहूर्त किती वाजताचा? पंगत कधी?
- कार्यक्रम घरी, सोसायटीच्या हॉलमध्ये की कार्यालयात? खिडक्या कुठल्या दिशेला?
- कोणता मान कुणाचा? आत्या कोण, मामा कोण, ओटी कोण भरणार?
- कुणाची तब्येत नाजूक आहे का? कोण लवकर निघणार?
- कुणाकुणाचे एकत्र फोटो हवेतच? पंधरावीस नावांची यादी, मोबाइलवर लिहून.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ही यादी हातात नसेल तर कार्यक्रमानंतर दोन महिन्यांनी "आजी आणि धाकट्या काकांचा एकही फोटो नाही" असं ऐकावं लागतं, आणि तोवर काही करता येत नाही.

आपल्या घरी जे होतं तेच सगळीकडे होतं असं मात्र धरू नका. बारसं कुणाकडे बाराव्या दिवशी, कुणाकडे दोन-तीन महिन्यांनी सोयीने होतं. कुणाकडे पाचवीची पूजा मोठी असते. बौद्ध घरातला नामकरण विधी त्रिसरण-पंचशीलाने सुरू होतो, गोव्यात ख्रिस्ती घरात बाप्तिस्मा चर्चमध्ये असतो आणि वेदीजवळ कुठवर जायचं ते पाद्री सांगतात. माहीत नसेल तर सरळ विचारा. विचारल्याचा राग कुणालाही येत नाही.

२. विधीतले न चुकवायचे क्षण

*डोहाळजेवण.* बहुतेक घरांत सातव्या महिन्यात. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा किंवा नाव नाहीतर चंद्रकोरीची सजावट. तिचे एकटीचे फोटो कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास काढून घ्या. एकदा बायका जमल्या की दोन-अडीच तास ओटी भरणं चालतं, मोगरा कोमेजतो आणि तीही दमते. गरोदर बाईला उभं करून "मान वळवा, हात असा" करत बसू नका. बसवा, पाठीला उशी द्या, बाजूला पाणी ठेवा. पेढा की बर्फी हा खेळ सुरू झाला की वाटीकडे पाहू नका, सासू आणि आई यांच्या चेहऱ्यांकडे कॅमेरा ठेवा.

*बारसं.* इथे तीन जागा आहेत. पहिली, पाळण्याच्या खालून-वरून बाळ देताना 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' चालतं ती. त्या वेळी पाळण्याच्या लांब बाजूला, गुडघ्यावर बसा, म्हणजे दोन्हीकडच्या बायका आणि मधलं बाळ एका चौकटीत येतात. दुसरी, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ती. आत्याचे केस किंवा पदर बाळाचा चेहरा झाकतात, म्हणून आधीच तिला विचारा की कुठल्या कानात सांगणार, आणि तुम्ही पलीकडच्या बाजूला थांबा. तिसरी, कुर्र झाल्याबरोबर आत्याच्या पाठीत पडणारे धपाटे. नवखे फोटोग्राफर 'नाव सांगून झालं' म्हणून स्क्रीनवर मागचे फोटो बघायला लागतात आणि नेमकं हेच हुकतं. अख्ख्या बारशात सगळ्यात मनमोकळं हसू इथे असतं.

*उष्टावण आणि जावळ.* दोन्हीत मामाचा मान. उष्टावणात पहिला घास तोंडात गेल्यावरचा चेहरा हवा, चमचा आत जातानाचा नको. जावळात मूल रडणार हे गृहीत धरा. रडण्याचे दोन-तीन फोटो पुरेत. बाकी वेळ मामाच्या हातांवर आणि ओंजळीत जावळ धरणाऱ्यांवर लक्ष द्या.

*बोरन्हाण.* संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हीच धूम असते, आणि तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात अवघड कार्यक्रम हाच. मुलाचं झबलं काळं, अंगावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर चालतं. चौकटभर काळं दिसलं की ते फोटो उजळवतं, आणि हलव्याचे दाणे जाऊन नुसते पांढरे ठिपके उरतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची अधिक-उणेची सोय) उणे दोन-तृतीयांश ते उणे एकवर ठेवा. पांढऱ्या झबल्यातलं बाळ पांढऱ्या दुपट्यावर असेल तर याच्या उलट, अधिककडे जा.

पडणारी बोरं, चुरमुरे, उसाचे करवे हवेत थांबवायचे तर शटर १/५०० सेकंद तरी हवं. तेवढं शटर ट्यूबलाइटमध्ये परवडत नाही, म्हणून पाट खिडकीजवळ, गॅलरीत किंवा गच्चीत मांडायला सांगा. एकाच वेळी सगळं ओतण्याऐवजी तीन हप्त्यांत, मागच्या बाजूने ओतायला सांगा. समोरून ओतलं तर ओतणारीचा हात चेहऱ्यावर सावली टाकतो. उसाचे करवे आणि मोठी बोरं कमी, चुरमुरे जास्त असं हळूच सुचवलं तरी चालतं, मुलाला लागत नाही आणि फोटोतही चुरमुरेच छान दिसतात. तुम्ही जमिनीवर बसा. उभ्याने काढलेला बोरन्हाणाचा फोटो म्हणजे टाळू आणि पसारा.

*मुंज.* मातृभोजनापासून हजर राहा. आईच्या पंक्तीला बसलेला मुलगा आणि अष्टवर्गाची पोरं (त्याच्यासोबत जेवायला बसवलेली मुंज झालेली मुलं) हा भाग सकाळी घाईत उरकतो, आणि बऱ्याच फोटोग्राफरांची गाडी तेव्हा वाटेत असते. केस उतरवण्याआधी मुलाचा एक नीट फोटो काढून ठेवा. दोन तासांनी तो मुलगा वेगळाच दिसणार आहे. मंगलाष्टकांच्या शेवटी अंतरपाट दूर होतो तेव्हा अक्षता हवेत असतात, तिथे एकापाठोपाठ फोटो घेणारी बर्स्टची सोय वापरा. गायत्रीचा उपदेश उपरण्याआड होतो. तिथे लांबून, फ्लॅश न वापरता एखादाच फोटो, तोही गुरुजींना आधी विचारून. भिक्षावळीत मुलगा आता सरावलेला असतो, थोडा मिजाशीतही असतो. मोकळे फोटो इथे मिळतात.

गुरुजींबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. पोचल्यावर यजमानांच्याही आधी त्यांना नमस्कार करा. कुठे बसणार, होमाचा धूर कुठल्या बाजूला जाईल, सोवळ्याची हद्द कुठपर्यंत, हे विचारा. आदराने विचारलंत तर माळ घालताना किंवा सूत्र बांधताना ते स्वतःच दोन सेकंद थांबून तुमच्याकडे बघतील. त्यांच्या मंत्रांमध्ये "गुरुजी, एकदा परत" म्हणालात तर दिवसभर त्यांची पाठ तुमच्याकडे राहील.

*साठीशांत, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन.* हजार पौर्णिमा म्हणजे ऐंशी वर्षांहून थोडं जास्त, त्यामुळे सत्कारमूर्तीचं वय लक्षात ठेवून वेळापत्रक करा. मुख्य फोटो सकाळी, होमाच्या धुराआधी. वयाइतके दिवे लावून ओवाळतात तेव्हा घरच्यांना विनंती करून अर्धा मिनिट ट्यूबलाइट बंद करून घ्या. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनक्षमता) ३२००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र) २, शटर १/१०० पासून सुरुवात करा आणि स्क्रीनवर बघून वरखाली करा. सुना-लेकी ओवाळताना सगळ्यांचे चेहरे एकाच तांबूस उजेडात येतात. असा उजेड कुठल्याही स्टुडिओत उभा करता येत नाही.

३. पिशवीत काय असावं

भरपूर नको. एक कॅमेरा, आणि शक्य असेल तर मागून-उसनवार आणलेला दुसरा. एपीएस-सी सेन्सर (फुलफ्रेमपेक्षा लहान) असेल तर ३५ आणि ५० मिलिमीटरच्या लेन्स, फुलफ्रेम असेल तर ५० आणि ८५. पैसे एकाच लेन्सचे असतील तर ५० मिलिमीटर एफ १.८ घ्या, स्वस्त असते आणि कमी उजेडात धावून येते. मात्र एपीएस-सीवर ती जवळपास ७५-८० मिलिमीटरसारखी वागते आणि दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकते. तेव्हा कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स घरी ठेवून येऊ नका.

बाकी: दोन मेमरी कार्डं, दोन बॅटऱ्या, वर वळणारा एक फ्लॅश, लेन्स पुसायचं फडकं, पांढऱ्या थर्माकोलचा एक तुकडा, सेफ्टी पिना, टिकल्यांचं पाकीट. हसू नका. ऐन फोटोच्या वेळी पदर सुटतो आणि टिकली पडते, तेव्हा तुमच्या खिशातली पिन हजार रुपयांच्या गॅजेटपेक्षा उपयोगी पडते. आणि पायमोजे स्वच्छ, न फाटलेले घाला, कारण दिवसभर चपला बाहेर असणार.

फक्त मोबाइल असेल तर? चालेल. लेन्स पुसा, दोनपट झूमची वेगळी लेन्स असेल तर माणसांसाठी ती वापरा, आणि पोर्ट्रेट मोड विधीच्या वेळी बंद ठेवा. मुंडावळ्या, नथ, सुटे केस यांच्या कडा तो हमखास खातो.

४. घरातल्या उजेडाशी जुळवून घेणं

पहिला सापळा दोन रंगांच्या दिव्यांचा. देवघरात पिवळा बल्ब, हॉलमध्ये पांढरी ट्यूब, खिडकीतून निळसर उजेड. तिन्ही एका चेहऱ्यावर पडले की कुठलंही सॉफ्टवेअर तो चेहरा सरळ करू शकत नाही. एक उजेड निवडा, बाकीचे बंद करून घ्या. दिवसा खिडकी जिंकते. माणसाला खिडकीकडे तोंड करून न बसवता थोडं तिरकं बसवा आणि सावलीच्या बाजूला तो थर्माकोलचा तुकडा धरायला एखाद्या भाच्याला उभं करा. भाच्यांना काम दिलं की ते चौकटीच्या मध्येही येत नाहीत.

दुसरा सापळा पट्ट्यांचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर १/२५० ठेवलंत की फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० वर राहा. हलणाऱ्या माणसांसाठी १/१००, बसलेल्यांसाठी १/५०. तुम्ही अमेरिकेत लेकीकडे नातवाचं बारसं करायला गेला असाल तर तिथे वीज ६० हर्ट्झची, म्हणून १/६० किंवा १/१२० च्या जवळपास. कार्यालयांतले डिमरवरचे रंगीत एलईडी कुठलाच नियम पाळत नाहीत. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, नाहीतर फ्लॅश वापरा.

हल्ली अर्धं कुटुंब लॅपटॉपच्या पडद्यावर असतं. दुबईतले काका, सिडनीतली आत्या. त्यांच्यासह फोटो काढताना पडद्याची चकाकी अर्ध्यावर आणा आणि शटर मंद ठेवा, नाहीतर काका पट्ट्यापट्ट्यांचे येतात किंवा नुसता पांढरा चौकोन दिसतो.

फ्लॅश वापरायचा तर छताकडे वळवून. छत पांढरं आणि ठेंगणं असेल तरच हे जमतं. वाड्यातलं लाकडी आढं, कार्यालयाचं उंच पत्र्याचं छप्पर किंवा गुलाबी पडद्यांचा मांडव असेल तर उजेड एकतर परत येत नाही, नाहीतर गुलाबी होऊन येतो. बाळाच्या डोळ्यांसमोर थेट फ्लॅश उडवू नका. त्याला त्रास होतोच, आणि त्याहून जास्त त्याच्या आजीला होतो.

बाहेर काढायचे असतील तर दुपारी अकरा ते तीन सावलीत थांबा. ओसरी, आंब्याखालचा पार, इमारतीची उत्तरेकडची बाजू. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसाला लोक नावं ठेवतात, पण चेहऱ्यांसाठी त्याच्याइतका मऊ उजेड वर्षभरात दुसरा नाही.

५. ग्रुप फोटो

ग्रुप फोटोला नवखे लोक कंटाळतात. घरच्यांना मात्र वीस वर्षांनी तोच हवा असतो.

वेळ पंगतीच्या आधीची. जेवणानंतर माणसं पांगतात, साड्या चुरगळतात, पुरुष मंडळी गादीवर आडवी होतात. सर्वात मोठा ग्रुप आधी, मग एकेक शाखा कमी करत जा. उलटं केलंत तर ज्यांचं झालं ते निघून जातात. नावं पुकारायला तुम्ही नका, त्या यादीवाल्या काकूंना सांगा. तिच्या हाकेला लोक येतात, तुमच्या हाकेला "आलो, आलो" म्हणतात.

मधल्या खुर्च्यांवर वडीलधारे, मागे उभे, पुढे सतरंजीवर मुलं. नऊवारी नेसलेल्या आजींना खुर्चीत जरा तिरकं बसवा, काष्टा आणि पदर दोन्ही नीट दिसतात. चष्मेवाल्यांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा, काचेवरचा उजेड जातो. कडेला उभ्या माणसांना रुंद लेन्स फुगवते, म्हणून १८ मिलिमीटरने जवळून काढण्यापेक्षा दोन पावलं मागे जाऊन ३५ ने काढा. ताकीद: जाड माणसाला कडेला उभं करू नका, आयुष्यभर बोलतील. तीन रांगा असतील तर एफ ८ आणि नेम पहिल्या व दुसऱ्या रांगेच्या मधोमध. उजेड पुरत नसेल तर आयएसओ वाढवा, छिद्र उघडू नका. फोटो थोडा रवाळ झाला तरी चालतो, मागच्या रांगेतले धूसर जावई चालत नाहीत.

डोळे मिटण्याचं गणित ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत मांडलं गेलं आणि त्याला २००६ सालचा गणिताचा इग नोबेल मिळाला. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. तेवढे फोटो घेतले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची बऱ्यापैकी खात्री. पंधरा जण असतील तर पाच, सायंकाळी हॉलमध्ये सात-आठ. त्याहून मोठ्या ग्रुपमध्ये डोळे मिटलेले एखाददुसरे काका राहणारच. त्यांचं डोकं दुसऱ्या फोटोतून उचलून बसवता येतं, फक्त त्यासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर हवा.

आणखी एक. बऱ्याच घरांत ओटी, हळदीकुंकू, औक्षण चालू असताना विधवा आजी किंवा मावशी आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसतात. घरचे कुणी काही बोलत नाही. फोटोग्राफर बाहेरचा माणूस असतो, त्याच्या शब्दाला त्या दिवशी वेगळं वजन असतं. "आजी, तुमच्याशिवाय हा फोटो पूर्ण होत नाही, बाळाला मांडीवर घ्या," असं मी सरळ म्हणतो. आजवर कुठल्या घराने अडवलेलं नाही.

६. तान्ही बाळं, थकलेली माणसं

बाळाचे पोटावर झोपलेले, टोपलीत मुटकुळं केलेले फोटो पाहून लोक तसेच मागतात. हनुवटी स्वतःच्या दोन हातांवर टेकवून बसलेलं बाळ जे दिसतं, ते दोन वेगवेगळे फोटो जोडून केलेलं असतं. एका फोटोत मोठ्या माणसाने डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं. खरोखर तसं बसवायचा प्रयत्न कुणीही करू नये. तुम्ही शिकत असताना बाळाला आईच्या कुशीत, बाबांच्या खांद्यावर, पणजीच्या मांडीवर ठेवा. खोली उबदार, पंखा बंद, बाळ नुकतंच प्यायलेलं. टोपली-परडी वापरलीच तर एका माणसाचा हात कायम बाळावर. काजळ-तीट लावायची का हे आईला विचारा, आजीला नाही. आजीचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

वयस्कर माणसांचा एकेकटा फोटो कुणी मागत नाही, तरी काढा. कारण उघड आहे आणि तोंडावर कुणी बोलत नाही. पुढे भिंतीवर लावायला जो फोटो शोधतात तो बहुधा आधार कार्डासाठी काढलेला, नाहीतर कुणाच्या लग्नातल्या ग्रुपमधून कापून मोठा केलेला, शेजारच्याचा खांदा तसाच. आजोबांना खिडकीजवळ बसवा, आवडता सदरा किंवा टोपी घालू द्या, त्यांच्या नोकरीबद्दल किंवा शेताबद्दल विचारा आणि बोलू द्या. ते "हसा" म्हटल्यावर हसत नाहीत. एसटीतल्या एखाद्या वरिष्ठाची गंमत सांगताना हसतात. पार्श्वभूमीला साधी भिंत ठेवा. कॅलेंडर आणि औषधांचा डबा बाजूला करा.

पंगतीत तोंड उघडून जेवणाऱ्यांचे फोटो कुणाला नको असतात. वाढणारे हात, आग्रह, नको म्हणून पानावर आडवा धरलेला हात, एवढं घ्या आणि तुम्हीही वेळेत जेवून घ्या. शेवटच्या पंगतीची वाट पाहिलीत तर जिलबी संपलेली असते.

७. कागदपत्रं आणि बोलणी

पैसे घेऊन काम करायचं ठरवलंत की हे लागेल:

- उद्यम नोंदणी. आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिथल्यासारख्याच दिसणाऱ्या खासगी वेबसाइट फी मागतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.
- महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, लोक ज्याला गुमास्ता म्हणतात ते. एकट्याच्या किंवा दोघातिघांच्या धंद्याला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. बँकेत चालू खातं उघडताना ती पावती मागतात.
- जीएसटी. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही.
- एक पानी करार, मराठीत. किती तास, किती संपादित फोटो, अल्बम कोणत्या आकाराचा, किती दिवसांत, विसार किती, कार्यक्रम पुढे ढकलला तर काय.

या करारात हक्कांचं कलम घालायला विसरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो, फोटोग्राफर नाही. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ पाहून शिकलेल्यांना हे उलटं वाटतं. म्हणजे तुमच्या पेजवर नमुना म्हणून एक फोटो टाकायचा तरी घरच्यांची लेखी परवानगी हवी. मुलांच्या फोटोसाठी तर आई-वडिलांची सही घेतल्याशिवाय काहीही टाकू नका, आणि टाकताना मुलाचं पूर्ण नाव, शाळा, पत्ता दिसत नाही ना ते बघा.

शनिवारवाड्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागी कौटुंबिक फोटो काढायचे असतील तर हातातल्या कॅमेऱ्याने काढता येतात, पण ट्रायपॉड आणि दिवे लावायला आधी परवानगी लागते. मंदिरांचे नियम संस्थानागणिक वेगळे. फाटकावर जाऊन वाद घालण्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करा.

८. घरी आल्यावर आणि फोटो देताना

त्याच रात्री कार्ड रिकामं करा: एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक ऑनलाइन. तिन्ही झाल्याशिवाय कार्ड पुसू नका.

निवड निष्ठुरपणे करा, पण कोण आलं होतं हे विसरून नाही. तुमच्या डोळ्यांना साधारण वाटणारा एखादा फोटो त्या घराला सगळ्यात मोलाचा असतो, कारण त्यात गावाहून आलेल्या मावशी आहेत. प्रत्येक पाहुण्याचा एक तरी फोटो असू द्या. चेहरे गोरे करून द्या अशी मागणी येईल. मी करत नाही, करारातच लिहून ठेवतो. पिवळसरपणा काढणं वेगळं आणि माणसाचा रंग बदलणं वेगळं.

छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरा. ८ बाय १२ साठी २४०० बाय ३६०० पिक्सेल पुरतात, १२ बाय १८ साठी ३६०० बाय ५४०० लागतात. म्हणजे बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो ८ बाय १२ आरामात होतो, पण अल्बमच्या १२ बाय ३६ च्या जोडपानावर ताणला की फाटतो. लॅबला पाठवताना फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्या आणि पहिल्या कामाला आधी एकच चाचणी प्रिंट काढून घ्या. तुमचा मॉनिटर फार उजळ असेल तर सगळा अल्बम काळवंडून येतो.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे पाठवले की ते आक्रसतात आणि नंतर लोक तेच छापायला देतात. ड्राइव्हची लिंक देताना ती कधीपर्यंत चालू राहील ते लिहा. फाइलींच्या नावात तारीख, कार्यक्रम आणि घराचं आडनाव घाला. मूळ फाइली तुम्ही किती काळ सांभाळणार हेही करारातच असू द्या, म्हणजे चार वर्षांनी डिस्क बिघडली तर भांडण नाही.

"सगळे रॉ पण द्या", म्हणजे कॅमेऱ्यातल्या संपादन न केलेल्या मूळ फाइली, ही मागणी जवळपास प्रत्येक घरातून येते, बहुधा एखाद्या भाच्याने सुचवलेली. नाही म्हणायचं असेल तर आधी म्हणा. द्यायचे असतील तर वेगळा दर ठरवा. आणि अल्बम छपाईला टाकण्याआधी घरच्यांकडून जोडपानांचा क्रम आणि नावांचं शुद्धलेखन पाहून घ्या, उरलेल्या पैशांचा निम्मा भाग घ्या. छापून आलेला अल्बम न्यायला लोक सणवार बघून येतात, तोवर लॅबचं बिल तुमच्या खिशातून गेलेलं असतं.